सातपुड्यातील मुलगा: कुमारांच्या साहसकथेतील डोंगराविषयी

मराठी कुमारवाङ्मयातील साहसकथेचा विचार करताना डोंगर हा बहुधा केवळ पार्श्वभूमी म्हणून गृहीत धरला जातो. खलनायकाला दडण्यासाठी गुहा, नायकाला पराक्रम गाजविण्यासाठी कडा, एवढ्यापुरती त्याची नोंद होते. हा डोंगर कोणाचा, कथेतील मुलगा त्यावर कशासाठी चढतो आणि दिवस मावळल्यावर तो कोठे परततो, हे प्रश्न क्वचितच उपस्थित केले जातात. ते उपस्थित केले म्हणजे साहस या कल्पनेमागे दडलेली एक अट लक्षात येते. ती अट सुट्टीची आहे. ज्याला डोंगरावरून परतण्याची हमी आहे, त्याच्याच चढण्याला आपण साहस म्हणत आलो आहोत.

या प्रश्नाचा एक धागा खानदेशातील धरणगावापाशी सापडतो. तापी आणि गिरणा यांच्यामधल्या सपाट प्रदेशातील हे गाव मराठी वाचकाला बालकवींचे जन्मग्राम (१८९०) म्हणून परिचित आहे. परंतु त्याआधी पासष्ट वर्षे, १८२५ मध्ये, जेम्स औट्रम या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. शिकारीतील धाडसाच्या बळावर त्याने भिल्लांचा विश्वास संपादन केला, हा त्याच्या चरित्रातील आवडता प्रसंग होऊन बसला आहे. सातपुडा व त्याच्या पायथ्याची राने इंग्रजी लेखनात साहसाची भूमी म्हणून शिरली, ती अशा शिकारकथांच्या वाटेने. त्यांत डोंगरातला माणूस वाटाड्या असतो, रान उठविणारा असतो, कर्ता नसतो.

याच पर्वतरांगेच्या पूर्वेकडील भागावर रॉबर्ट स्टर्नडेल याचे शिवनीविषयीचे पुस्तक १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर १८९४ मध्ये रडयार्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’ आले. मोगलीच्या कथा शिवनीच्या टेकड्यांत आणि वैनगंगेच्या खोऱ्यात घडतात, म्हणजे सातपुड्याच्याच परिसरात. त्या लिहिल्या गेल्या मात्र अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानात. किपलिंगच्या साम्राज्यवादी दृष्टीची चिकित्सा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यही आहे. तरीही वाघाच्या वधाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. मोगली शेरखानाला बंदुकीने मारीत नाही. गावाने त्याला म्हशी राखण्याचे काम दिलेले असते. तो लांडग्यांच्या मदतीने कळपाचे दोन भाग करतो, रेडे घळीच्या वरच्या तोंडाशी नेतो, म्हशी व पारडी खालच्या तोंडाशी ठेवतो आणि मध्ये झोपलेल्या वाघावर रेडे सोडतो. कळप बुजला म्हणजे कोठे धावेल, घळीच्या कडा वाघाला चढता येतील की नाही, हे सारे गुराख्याचे ज्ञान आहे. बंदूक बाळगणारा गावचा शिकारी बुलदेव येतो तो वाघ मेल्यानंतर, कातड्याच्या बक्षिसावर डोळा ठेवून. येथे रोजचे काम आणि साहस यांच्यात भिंत राहत नाही. अर्थात या मुलाला गाव दगड मारून हाकलून देते, हेही विसरता येत नाही. त्याला परतण्याचे घर नाही.

मराठीत कुमारांच्या साहसकथेला ज्यांनी खरी लोकप्रियता मिळवून दिली ते भा. रा. भागवत ज्यूल व्हर्नचे रसिक अनुवादक होते. त्यांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो. प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत तो संचार करतो. या कथांची भाषा आजही ताजी वाटते. किडकिडीत अंगाच्या मुलाला नायक करण्यात भागवतांनी दाखविलेली समज तर कौतुकास्पदच आहे. तथापि फेणेचा डोंगर हा सहलीचा डोंगर आहे. तेथे तो बाहेरून येतो, रहस्य उलगडतो आणि शाळेत परततो. त्यामुळेच तो मालिकेचा नायक होऊ शकतो. त्याचे वय वाढत नाही, कारण डोंगराने त्याच्याकडून काही कायमचे घेतलेले नसते. शिवाय सह्याद्रीतील गड चढणाऱ्या मुलाच्या मनात इतिहास आधीच चढलेला असतो. गडावर पाऊल टाकताच त्याला पूर्वजांचा आधार मिळतो. सातपुड्याला असे सहज उपलब्ध होणारे, पाठ्यपुस्तकाने दिलेले पूर्वज नाहीत. कुमारकथेची पावले तिकडे फारशी वळली नाहीत, याचे एक कारण येथे असावे.

डोंगरातल्याच मुलाला कर्तेपण देणारी मराठी कृती शोधू गेल्यास गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ (१९६५) ही कादंबरी पुढे येते. कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरवाडीचा नाग्या हा भगताचा मुलगा. माशीच्या दंशाने डोळा गमावल्यावर तो लिंगोबाच्या डोंगरावरील राणी माशीशी वैर मांडतो. कड्यावर उतरून मोहोळाला भिडणे हे साहसकथेचे अस्सल द्रव्य आहे. ते कोणत्याही कुमारवाचकाचा श्वास रोखून धरील. पण नाग्याला सुट्टी नाही. जो डोंगर त्याला जिंकायचा आहे तोच त्याचा देव आहे, तेच त्याचे रान आहे, आणि जिंकल्यावर त्याच पायथ्याशी राहायचे आहे. विजयाची किंमत चिंधीच्या मृत्यूने मोजली जाते. परिणामी ही कृती कुमारवाङ्मयात गणली गेली नाही. ती प्रादेशिक कादंबरी ठरली. हे वर्गीकरण निरागस नाही. शहरी मुलाने कडा उतरला तर ती कुमारकथा, ठाकराच्या मुलाने उतरला तर ते जीवनदर्शन, असा भेद समीक्षेने नकळत स्वीकारला आहे.

सातपुड्यात साहसाचे द्रव्य नाही असे मात्र म्हणता येणार नाही. नंदुरबार जिल्ह्यातील १३२५ मीटर उंचीच्या अस्तंबा शिखरावर दरवर्षी दिवाळीच्या सुमारास यात्रा भरते. कपाळीच्या जखमेसाठी तेल मागत हिंडणाऱ्या अश्वत्थाम्याचे हे स्थान, अशी श्रद्धा आहे. खेड्यापाड्यांतील तरुण टोळक्याटोळक्यांनी, पुष्कळदा अनवाणी, ही अवघड चढण चढतात. गडाच्या सहलीत जे असते ते सारे येथे आहे: सोबती, अंधार, कडा, भय. भेद एवढाच की चढणाऱ्यांपैकी अनेकांचे घर त्याच डोंगरात आहे. अशा मुलाची कुमारकथा लिहायची झाल्यास पहिली अडचण भाषेची येईल. दांडेकरांनी संवादांत ठाकरी बोलीचा बाज आणला, पण निवेदन प्रमाण मराठीतच ठेवले. त्यामुळे नाग्या बोलतो एका भाषेत आणि पाहिला जातो दुसरीत. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ (१९८७) या संग्रहाने कवितेपुरता दुसरा मार्ग दाखविला आहे. तेथे भिलोरी ही पात्राच्या तोंडची गंमत म्हणून येत नाही. ती बोलणाऱ्याची स्वतःची भाषा म्हणून छापली जाते. गद्यात हे करायचे तर अस्तंब्याची वाट सांगणारा निवेदकच पावरी किंवा भिलोरी बोलणारा मुलगा असावा लागेल, आणि धरणगावच्या वर्गातील मुलाला त्याचे काही शब्द अडतील, हेही मान्य करावे लागेल.