गळाला लागलेला गुरू



आजचं चिंतन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ८.

काल डोंबिवलीहून ठाण्याला येताना मोबाइलवर एक जुनं जलरंगातलं चित्र समोर आलं. शिडाचं जहाज, भर समुद्र आणि गळ टाकून मासे धरणारे खलाशी. काढणारा जहाजावरचाच एक प्रवासी. आपल्या मुंबईत आलेला जेम्स फोर्ब्स असाच. कंपनीच्या नोकरीसाठी १७६५ मध्ये कोवळ्या वयात निघाला आणि पाहिलेले मासे, पक्षी, झाडं रंगवत राहिला. १८१३ मध्ये त्याचं 'ओरिएंटल मेमॉयर्स' छापून आलं.

त्या काळचे खलाशी एक युक्ती करायचे. गळाला पांढरं पीस किंवा चिंधी बांधून ती पाण्यावर नाचवायची. मोठ्या माशाला वाटायचं, उडणारा मासाच चाललाय. तो झेप घ्यायचा. गळाला खाणं नव्हतंच, नुसता भास!

भागवतात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात, त्यात मासा आहे. जिभेच्या ओढीने तो गळाला लागतो, म्हणून गुरू. बाकी इंद्रियं जिंकली तरी जीभ जिंकेपर्यंत माणूस जितेंद्रिय नाही, असं ते म्हणतात. याच स्कंधावर नाथांनी 'एकनाथी भागवत' लिहिलं आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलं.

इथे मासेमाराला दोष नाही हं. आपल्या चेंदणी कोळीवाड्यात खाडीच्या जिवावर पिढ्यान्‌पिढ्या घरं चालली. धडा माशासाठी आहे, म्हणजे आपल्यासाठी.

मी ॲप बनवणाऱ्यांपैकी. लाल ठिपका कुठे ठेवला की बोट आपोआप जाईल, यावर आमच्या मीटिंग होतात. दिवसा मी पीस बांधतो आणि रात्री स्वतःच गिळतो. परवा लेक गोष्ट ऐकायला मांडीवर बसली होती. "बाबा, पुढे?" असं तिने तीनदा विचारलं, असं बायको म्हणाली. मला एकदाही ऐकू आलं नाही. मान वर केली तेव्हा ती झोपली होती.

भागवत जिभेबद्दल बोलतं. आपली जीभ आता डोळ्यांत येऊन बसली आहे, असं मला वाटतं.

आजचा अभ्यास: हात फोनकडे गेला की एक श्वास थांबा. विचारा, इथे खाणं आहे की नुसतं पीस? त्याच श्वासात एकदा नाम घ्या.

आज रात्री माझा फोन स्वयंपाकघरात राहील. गोष्ट जिथे थांबली तिथून पुढे.

राम कृष्ण हरी!