झाकायचं ते उघडता यावं

बापू, भातकुलीच्या नव्या घरात संडासच्या फ्लशची टाकी कपाटाआड लपवायची आणि समोर नुसतं भांडं दिसू द्यायचं म्हणतोस, तर खुशाल कर. जागा नीटनेटकी दिसते. पण कपाट पाहायला अमरावतीला निघण्याआधी माझं जरा ऐकून घे. आपल्याकडचं पाणी खारं आणि माती काळी. दुकानातला कॅटलॉग छापणाऱ्याला या दोन्हींची खबर नसते.

आधी भांडं, मग टाकी, सगळ्यात शेवटी कपाट. हा क्रम मोडू नको. भांडं आणि टाकी घरात येऊन पडल्याशिवाय सुताराला माप देऊच नको. लपवायच्या टाक्या साडेतीन इंचांपासून पाच-सहा इंचांपर्यंत जाड असतात, त्यावर कपाटाची खोली ठरते. जमिनीवर बसणारं भांडं घेशील तर त्याची वाट मागे भिंतीकडे जाणारी, म्हणजे पी-ट्रॅप, आहे का ते पाहजो. एस-ट्रॅपची वाट खाली फरशीत जाते. पी-ट्रॅपच्या पाइपाचा मध्य तयार फरशीपासून साधारण ७ इंचांवर येतो. मिस्त्री कोब्यावरून मोजून मोकळा होतो, मग वर मसाला आणि टाइल चढली की भांडं आणि पाइप यांची गाठ पडत नाही. म्हणून माप टाइलच्या वरून धरायला सांगजो.

भिंतीला लटकणारं भांडं हवं असेल तर एक पक्कं ध्यानात ठेव. माणसाचा भार कपाट घेत नाही, आतली लोखंडी फ्रेम घेते. चांगल्या फ्रेमा ४०० किलोच्या भाराला तपासलेल्या असतात, पण त्या मागच्या भिंतीला आणि खालच्या पक्क्या जमिनीला बोल्टनं आवळल्या असतील तरच. चार इंची भिंतीच्या भरवशावर राहू नको. आणि उंची आईच्या गुडघ्यांना विचारून ठरवजो. भांड्याचा काठ १६-१७ इंचांवर असला की म्हाताऱ्या माणसाला उठता-बसता येतं.

आता पाण्याचं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा असा हा खारपाणपट्टा पसरला आहे. पिण्याला नळाचं पाणी येतं, पण वापराला बोअरचंच घ्यावं लागतं. तेच पाणी टाकीत गेलं की क्षार आतल्या जाळीत बसतात, रबरी सीलवर थर धरतात, आणि फ्लश न करताही भांड्यात बारीक धार लागून राहते. टाकी कधीतरी उघडावीच लागणार. तेव्हा बटणाच्या प्लेटमधून हात आत जातो का, कपाटाची वरची फळी निघते का, पाणी बंद करायचा कॉक हाताशी आहे का, हे तिन्ही पाहजो. वरच्या फळीला सिलिकॉन मारू देऊ नको. ती स्क्रूवरच राहू दे. आणि स्क्रू स्टेनलेसचेच. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नको. त्याच्याकडचा एकेक स्क्रू आणून बोअरच्या पाण्याच्या पेल्यात आठवडाभर ठेवजो, कोणता तांबडा पडतो ते आपोआप कळेल.

कपाटाचा तळ ही सगळ्यात नाजूक जागा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ कितीही गुळगुळीत दिसोत, घेऊ नको. एकदा पाणी प्याले की फुगतात, आणि फुगलेले परत बसत नाहीत. प्लायवूड घ्यायचं तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन घे. त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे, असा त्या दर्जाचा नियम आहे. दुकानातून वीतभर तुकडा मागून घरी दिवसभर उकळून पाहजो. थर सुटले तर शिक्का खोटा. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली फळी, फुगत नाही, उधईही त्याला लागत नाही, पण त्यात स्क्रूची पकड कमी. म्हणून तळाला आणि समोरच्या पडद्याला डब्ल्यूपीसी, नि सांगाड्याला परतवाड्याचं सागवान किंवा मरीन प्लाय, असा मेळ घाल. पाइपासाठी पाडलेल्या भोकाची कड कोरी ठेवू नको. पाणी तिथूनच शिरतं. तिला इपॉक्सी पाजून घे. नाहीतर टाकी गळणार वर आणि माणूस खालची फळी बदलत बसणार, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तळ फरशीला टेकवू नको. खाली प्लास्टिकचे, फिरवून वरखाली होणारे चार इंची पाय लाव. ऋणमोचनच्या यात्रेत गाडगेबाबांनी झाडू हातात घेतला, तो आपलाच तालुका. कपाटाखालून झाडू फिरला पाहिजे. समोरची पट्टी लावायची तर ओढून निघणारी, क्लिपची लाव. फिरणाऱ्या पायांचं दुसरंही कारण आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असला तर फरशीही थोडी हलते. पाय दोन आटे फिरवले की कपाट परत ओळंब्यात येतं. मैल्याच्या पाइपालाही फरशीजवळ रबर रिंगचा सांधा दे. सोल्युशननं चिकटवलेला सांधा हालचाल झाली की तडकतो, रिंगचा थोडं सोसून घेतो.

पडदा बसण्याआधी आतल्या पाइपांवर टेप धरून फोटो काढून ठेव. टाकीचे दोन जादा सील पिशवीत घालून कपाटात टांग. कारण दहा वर्षांनी ते मॉडेल बाजारात असेलच असं नाही.

आणि शेवटचं. सुताराचा हिशेब चुकता करण्याआधी त्याला म्हण, दादा, कॉक बंद करून, वरची फळी काढून परत लावून दाखव. स्क्रूड्रायव्हरवर काम झालं तर पैसे दे. त्यानं हातोडी मागितली, तर देऊ नको.