नवे शहर, जुनी गावे

मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका व्हावा, म्हणून ठाणे खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, अशी कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. त्यासाठी १९७० मध्ये ‘सिडको’ हे महामंडळ स्थापन झाले. नवी मुंबईचे आराखडे तयार झाले. परंतु रेल्वे वाशीला पोहोचण्यास १९९२ साल उजाडले. ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, तेथील शेतकऱ्यांना योग्य मोबदल्यासाठी झगडावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. नकाशा आखण्यापूर्वी त्या भूमीवर राहणाऱ्यांचा विचार व्हावा, हा नगररचनेतील महत्त्वाचा धडा होय.