तिरळ्या मांजरांची गोष्ट

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा बरे! दोरा कधी सुईच्या अलीकडे राहतो, तर कधी पलीकडे जातो. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या बाजूंनी पाहतात. त्या दोन चित्रांतील फरकावरून मेंदू अंतर ताडतो. त्यासाठी मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही डोळ्यांचे संदेश घेणाऱ्या पेशी असतात.

मग बालपणीच एक डोळा वाकडा झाला तर या पेशींचे काय होईल? अमेरिकेत हार्वर्ड येथे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराची चार पिल्ले घेतली. वय अवघे आठ-दहा दिवस, डोळे नुकते उघडू लागलेले. उजवा डोळा नाकाकडे वळवणारा स्नायू त्यांनी कापला, तेव्हा तो डोळा बाहेर वळला. (प्रयोग निष्ठुर खराच.) पिल्ले मोठी झाल्यावर एकेक डोळा झाकून पाहिले, तर दोन्ही डोळ्यांना नीट दिसत होते! पण मेंदूत अतिशय बारीक सुई घालून पेशींचे विद्युत्-संदेश टिपले, तेव्हा निराळेच दिसले. एरवी मांजरात अशा सुमारे ८० टक्के पेशी दोन्ही डोळ्यांना दाद देतात. येथे जेमतेम २० टक्के उरल्या होत्या. बाकीच्या एकेका डोळ्याच्या झाल्या होत्या. हे १९६५ साली प्रसिद्ध झाले.

असे का व्हावे? वाकडा डोळा दुसरीकडेच पाहतो, त्यामुळे दोघांचे संदेश पेशीपाशी जुळत नाहीत. खात्रीसाठी त्यांनी आणखी काही पिल्लांचा आज एक डोळा झाकला, उद्या दुसरा. स्नायू शाबूत, तरी निकाल तोच! पुढे एक डोळा शिवून केलेल्या प्रयोगांत दिसले, की चौथ्या-पाचव्या आठवड्यात मेंदूवर सर्वाधिक परिणाम होतो. तीन महिन्यांनंतर जवळजवळ होतच नाही. या दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

माणसाच्या मुलांत हा नाजूक काळ काही वर्षांचा असतो. तिरळ्या डोळ्याचे चित्र मेंदू पुष्कळदा नाकारतो आणि त्या डोळ्याची नजर मंदावते. तिरळे मूल भाग्यवान, असे म्हणत काही घरांत नेमकी हीच वर्षे दवडली जातात. डॉक्टर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात, म्हणजे मंद डोळ्याला काम करावेच लागते. मात्र पट्टीने नजर सुधारते, डोळा सरळ होत नाही. त्यासाठी चष्मा किंवा शस्त्रक्रिया लागते.