‘कल्ला’, ‘गलफड़ा’ आणि ‘क्लोम’ : एका अवयवाची तीन नावे

भिलाईतील मरोद्यासारख्या ठिकाणी मराठी घराचा उंबरठा ओलांडताच हिंदी व छत्तीसगढी सुरू होते. अशा सीमेवर शब्दांचे साम्यच अनुवादकाला चकविते. माशाच्या श्वसनेंद्रियाचे नाव हे त्याचे बोधक उदाहरण होय.

तोंडावाटे घेतलेले पाणी मासा ज्या तांबड्या झालरींवरून बाहेर सोडतो व त्यातील प्राणवायू रक्तात घेतो, त्यांस मराठीत ‘कल्ले’ म्हणतात. मासळी घेताना कल्ला उचलून लाली पाहण्याची रीत सर्वपरिचित आहे. हिंदीत ‘कल्ला’ म्हणजे जबडा. या इंद्रियाला तेथे ‘गलफड़ा’ हा शब्द आहे. उलट मराठीत ‘गालफडे’ माणसाची, बहुधा बसलेली. आणि कानशिलाखाली राखलेले केसही ‘कल्ले’च. म्हणजे गाल-जबड्याचा प्रदेश दोन्ही भाषांत एकच. माशाच्या वाट्याला आलेला शब्द मात्र निराळा.

शास्त्रीय परिभाषेने येथे ‘क्लोम’ हा संस्कृत शब्द योजिला. १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशातही तो आढळतो. परंतु चरकसंहितेत तालू व क्लोम ही उदकवह स्रोतसांची मुळे, म्हणजे मानवी शरीरातील स्थाने होत. त्यांपैकी क्लोम नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आजचा अर्थ मागे नेला, तर वैद्यकग्रंथातील तृषार्त रुग्णाला कल्ले फुटावयाचे!

तेव्हा विज्ञानलेखनात ‘क्लोम’ योजून प्रथम उल्लेखी ‘कल्ले’ हा खुलासा द्यावा, ललितकृतीत ‘कल्ले’च ठेवावे, आणि आयुर्वेदीय ग्रंथातील ‘क्लोम’ अनुवादिल्यावाचून तसाच राखावा, हे इष्ट.