जखम भरली, वेदना उरली

अहवाल म्हटला की आकडे आलेच. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती जण बरे होऊन घरी गेले, हे वाचकांना या पुस्तिकेत इतरत्र पाहावयास मिळेल. परंतु ‘बरे होऊन घरी गेले’ या रकान्यात नोंद झालेल्यांपैकी काहींची वेदना घरी गेल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होते. हाड जुळलेले असते, टाके सुकलेले असतात, क्ष-किरण चित्र निर्दोष असते. आणि तरीही दुखणे थांबत नाही. या दुखण्याविषयी आमचे देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे कुटुंबीय यांच्याशी संवाद साधावा, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

एक उदाहरण कल्पू या. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात काम करणारी, बदलापूरला राहणारी चाळिशीतील एक स्त्री पावसाळ्यात रेल्वेच्या जिन्यावरून घसरते. उजव्या मनगटाचे हाड मोडते. प्लास्टर घातले जाते आणि सहा आठवड्यांनी काढले जाते. हाड व्यवस्थित जुळले आहे, असे डॉक्टर सांगतात. पण हात सुजलेला, कधी लालसर तर कधी निळसर दिसतो. डाव्या हातापेक्षा तो गरम लागतो, तळव्याला घाम सुटतो. पदर घासला, पंख्याचा वारा लागला तरी आग होते. लोकलच्या गर्दीत कोणाचा नुसता धक्का लागेल या भीतीने ती हात पोटाशी धरून उभी राहते. शिलाई मशीन चालवणे तर दूरच.

पहिले काही दिवस घरातले सर्वजण काळजी घेतात. मग हळूहळू स्वर बदलतो. “फोटोत तर काहीच नाही, मग दुखतं कुठे?” कोणी हाडवैद्याकडे नेऊन हात चोळून घेतो, कोणी दृष्ट काढतो, कोणी कामाचा कंटाळा म्हणतो. शेवटी तिलाही स्वतःविषयी शंका येऊ लागते. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण आपण सहज वापरतो. या रुग्णांना ती अक्षरशः जगावी लागते.

या वेदनेला नाव आहे

सर्वप्रथम सांगावयाचे ते हे, की ही वेदना खोटी नाही आणि नवीनही नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात बंदुकीच्या गोळीने चेतातंतू जखमी झालेल्या सैनिकांवर सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी फिलाडेल्फियात उपचार केले आणि १८६४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह ती निरीक्षणे प्रसिद्ध केली. जखम भरून आल्यावरही या सैनिकांच्या हातापायांची आग होत असे. कोरडा स्पर्श सहन होत नसल्याने काहीजण ते अवयव सतत ओले ठेवीत. पुढे १९०० मध्ये जर्मनीतील शल्यविशारद पॉल सुडेक यांनी दुखापतीनंतर अशा हातापायांची हाडे विरळ होतात, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले. अनेक नावे बदलत १९९४ मध्ये या विकाराला ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’, संक्षेपाने ‘सीआरपीएस’, हे नाव मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान असून त्यात या विकाराचाही समावेश आहे.

मनगटाचे हाड मोडल्यानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा कधी साध्या मुरगळीनंतरही हा विकार उद्भवू शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. दुखापत किती मोठी होती यावर वेदनेची तीव्रता अवलंबून नसते. हेच नातेवाइकांना सर्वांत कोड्यात टाकते.

वेदना का थांबत नाही?

वेदना हा शरीराचा भोंगा आहे. कारखान्यात आग लागली की भोंगा वाजतो, आग विझली की तो बंद होतो. या विकारात आग विझल्यावरही भोंगा वाजतच राहतो. इजा झालेल्या भागातील दाह प्रमाणाबाहेर वाढतो, चेतातंतू अतिसंवेदनक्षम होतात. रक्तवाहिन्या आणि घाम यांचे नियंत्रण बिघडते, म्हणून त्वचेचा रंग आणि तापमान बदलते. मेंदूत हातापायांचे जे चित्र असते, तेही विस्कटते. दुखते म्हणून रुग्ण हात हलवीत नाही. हात न हलविल्याने सांधे आखडतात, स्नायू रोडावतात आणि वेदना आणखी वाढते. हे सारे काही जणांच्याच बाबतीत का घडते, याचे संपूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राला अजून मिळालेले नाही. मात्र ते शरीरात घडते, हे निश्चित.

निदान आणि उपचार

या विकाराचे निदान करणारी एकच अशी रक्ततपासणी किंवा चित्रण नाही. बुडापेस्ट येथे २००३ मध्ये भरलेल्या बैठकीत तज्ज्ञांनी निदानाचे जे निकष आखले, त्यांचा आधार आजही घेतला जातो. स्पर्शाची अतिसंवेदना, रंग वा तापमानातील फरक, सूज किंवा घाम, आणि हालचाल, नखे वा केस यांतील बदल अशा चार गटांतील लक्षणे डॉक्टर पाहतात, तसेच जंतुसंसर्ग किंवा रक्ताची गुठळी नाही ना याची खात्री करतात. यासाठी रुग्णाचे म्हणणे शांतपणे ऐकणे अत्यावश्यक ठरते. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या, ठुसठुस असे वेदनेचे किती शब्द आपल्या भाषेत आहेत! रुग्णाने ते मोकळेपणाने वापरावेत. त्यांतूनच डॉक्टरांना दिशा मिळते.

उपचारांचा कणा म्हणजे हालचाल. वेदनाशामक आणि चेतातंतूंना शांत करणारी औषधे, काही रुग्णांत इंजेक्शने, ही सर्व हालचाल शक्य व्हावी यासाठीच. कापूस, रेशीम, टॉवेल अशा वेगवेगळ्या स्पर्शांची त्वचेला हळूहळू सवय केली जाते. निरोगी हाताचे प्रतिबिंब आरशात पाहत व्यायाम करण्याची पद्धत मूळ भारतीय वंशाचे मेंदूविज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात अवयव गमावलेल्या रुग्णांसाठी पुढे आणली. आज ती या विकारातही वापरली जाते. उपचार लवकर सुरू झाल्यास बरे होण्याची शक्यता वाढते. काहींची वेदना पूर्णपणे जात नाही. तरीही तिच्यासह काम, झोप आणि घर सांभाळण्याची क्षमता पुष्कळ अंशी परत मिळविता येते.

कुटुंबीयांना विनंती

१. प्लास्टर असताना वेदना असह्य झाली, बोटे बधिर, थंड वा निळी पडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात यावे.

२. डॉक्टरांनी सांगितल्यापासून बोटे, कोपर, खांदा हलते ठेवावेत. प्लास्टर निघाल्यावर हात झोळीत अडकवून ठेवू नये.

३. दुखरा भाग जोराने चोळणे किंवा बर्फाने शेकणे टाळावे.

४. एका दिवशी खूप आणि दोन दिवस काहीच नाही, असे करू नये. थोडे, पण रोज करावे.

५. कामावर इजा झाली असल्यास तिची नोंद त्याच वेळी करून घ्यावी व सर्व कागद जपून ठेवावेत. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील आणि उल्हासनगरच्या लहान कारखान्यांतील कामगारांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. फोटो निर्दोष आल्यानंतर हेच कागद उपयोगी पडतात.

६. दीर्घ वेदनेने मन खचते, झोप उडते. निराशेचे बोल ऐकू आले, तर ते दुर्लक्षू नयेत. ‘टेलि मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: विश्वास ठेवावा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना, माणूस आपल्याला दुखते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखावा, हे आवर्जून नमूद केले आहे. घरातील एका माणसाने जरी “तुला दुखतं, हे मला पटतं” असे म्हटले, तरी रुग्णाचा अर्धा एकटेपणा सरतो.

देणगीदारांच्या सेवेशी

यंत्रासाठी देणगी मिळते; त्यावर दात्याचे नाव कोरता येते. या रुग्णांना मात्र महागड्या यंत्राची फारशी गरज नसते. त्यांना लागतो एक साधा आरसा, एक शांत खोली आणि आठवड्यामागून आठवडे तेवढाच वेळ देणारा फिजिओथेरपिस्ट. त्या वेळेवर कोणाचे नाव कोरता येत नाही. परंतु हात पोटाशी धरून आलेली एखादी भगिनी काही महिन्यांनी त्याच हाताने केसपेपर पुढे करते, तेव्हा त्या देणगीचे चीज झाले, असे आम्ही समजतो. आपले साहाय्य या कार्याकडेही वळावे, ही नम्र प्रार्थना.