नॉर्वेचे १९०५ साल : ३,६८,२०८ विरुद्ध १८४



इतिहासातलं एखादं साल म्हटलं की मुलांना लढाईच आठवते. म्हणून आज लढाई न झालेल्या एका सालाची गोष्ट. देश नॉर्वे, साल १९०५.

पार्श्वभूमी
१८१४ पासून नॉर्वे आणि स्वीडन यांचा राजा एकच होता. नॉर्वेला स्वतःची राज्यघटना होती, 'स्टोर्टिंग' नावाची संसद होती, पण परराष्ट्र व्यवहार मात्र स्वीडनच्या हातात. नॉर्वेची व्यापारी जहाजे जगभर फिरत. परदेशी बंदरांत आपल्या खलाशांची, व्यापाऱ्यांची कामे बघायला आपलेच वाणिज्यदूत हवेत, अशी नॉर्वेची मागणी होती. वरवर पाहता मागणी छोटी, पण खरा प्रश्न होता, "आमचे निर्णय कोण घेणार?"

काय घडले?
संसदेने वाणिज्यदूतांचा कायदा केला. राजे ऑस्कर दुसरे यांनी मे महिन्यात त्याला संमती नाकारली. पंतप्रधान क्रिश्चन मिकेलसन यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दुसरे सरकार बनवणे सध्या शक्य नाही, असे म्हणून राजाने तोही स्वीकारला नाही. संसदेने नेमका हाच धागा पकडला. ७ जूनला ठराव झाला : राजा सरकार देऊ शकत नाही, म्हणजे तो नॉर्वेचा राजा म्हणून काम करू शकत नाही, आणि राजा नाही, तर राजामुळे असलेली युतीही संपली!

स्वीडनचे म्हणणे पडले, आधी जनतेला विचारा. १३ ऑगस्टला मतदान झाले. वेगळे होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मते, विरोधात फक्त १८४.

तरी धोका टळला नव्हता. सीमेवर दोन्हीकडे सैन्य उभे होते. पण स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावी वाटाघाटी झाल्या आणि २३ सप्टेंबरला तोडगा निघाला. नॉर्वेला सीमेवरच्या काही तटबंद्या पाडाव्या लागल्या. लोकांना ते बोचले, पण युद्ध टळले. ऑक्टोबरमध्ये ऑस्कर यांनी नॉर्वेच्या सिंहासनावरचा हक्क सोडला.

आता नवा राजा हवा. डेन्मार्कचे राजपुत्र कार्ल यांना विचारले, तर ते म्हणाले, आधी लोकांचे मत घ्या! नोव्हेंबरमध्ये पुन्हा मतदान झाले. सुमारे ७९ टक्के लोकांनी राजेशाहीला होकार दिला. २५ नोव्हेंबरला ते राजे 'होकॉन सातवे' म्हणून क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, उतरले. कडेवर दोन वर्षांचा ओलाव होता, पुढे तोही राजा झाला.

वर्गातला एक प्रश्न
मी हे दोन आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मुलं हसली. "मॅडम, फक्त १८४?" मग मागून एका मुलीने विचारलं, "यात बायकांची मतं किती?"

उत्तर आहे, एकही नाही. स्त्रियांना तेव्हा या मतदानाचा हक्कच नव्हता. पण त्या गप्प बसल्या नाहीत. गावोगाव फिरून त्यांनी पाठिंब्याच्या सह्या गोळा केल्या, सुमारे अडीच लाख! त्या सह्या मतमोजणीत धरल्या गेल्या नाहीत, पण आम्हीही या देशाच्या आहोत हे सगळ्यांना दिसले. १९१३ मध्ये नॉर्वेच्या सर्व स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला.

खरं सांगते, त्या मुलीने विचारेपर्यंत मी हा भाग शिकवणारच नव्हते. आकडा मोठा असला की आपण भारावून जातो आणि मोजलं कोणाला, हे विचारायचं राहूनच जातं.

मुलांसाठी उपक्रम
१. वर्गातला एखादा खरा निर्णय मतदानाने घ्या. पहिल्या वेळी फक्त अर्ध्या मुलांना मत द्या, दुसऱ्या वेळी सगळ्यांना. निकाल बदलला का? मत नसलेल्यांना कसं वाटलं?
२. भांडण न करता वेगळे होताना दोन्ही बाजूंनी काय काय सोडले, याची यादी करा.

घरी पालकांनीही हा प्रश्न जरूर विचारून पाहावा. मुलांची उत्तरे आपल्यालाच शिकवून जातात.